विहाराचा रिकामा रकाना

रुग्णपत्रकातील क्षुधा, मल, मूत्र, निद्रा, आहार हे रकाने भरण्याची सवय आपणा सर्वांस महाविद्यालयीन काळापासून लागलेली असते. 'विहार' या शब्दापुढील रकाना मात्र पुष्कळदा रिकामा राहतो, अथवा तेथे 'बैठे काम' एवढे दोन शब्द लिहून आपण पुढे जातो. कोविडच्या साथीतील टाळेबंदीस आता पाच वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. अलीकडे चिकित्सालयातील कपाटे आवरण्याच्या निमित्ताने त्या काळातील जुनी पत्रके चाळण्याचा प्रसंग आला, तेव्हा हाच रिकामा रकाना पानोपानी समोर आला आणि आम्ही अस्वस्थ झालो. ज्या महिन्यांत समाजाच्या विहारात आमच्या उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता एवढा पालट झाला, नेमक्या त्याच महिन्यांत आम्ही त्याची नोंद केली नाही. प्रस्तुत लेख ही त्या उणिवेची कबुली आहे, तसाच समव्यावसायिक वैद्य आणि औषधी विक्रेते यांच्यापुढे ठेवलेला एक प्रस्तावही आहे.

नेमके काय थांबले?

घटनाक्रम सर्वांस ठाऊक आहे, तरी त्याची उजळणी उपयुक्त ठरेल. १३ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून मुंबई, पुणे, नागपूर आदी शहरांतील व्यायामशाळा बंद झाल्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. ती तीन वेळा वाढून ३१ मेपर्यंत राहिली. महाराष्ट्रात जूनच्या आरंभी पहाटे ५ ते सायंकाळी ७ या वेळेत चालणे, धावणे, सायकल चालविणे यांस मोकळीक मिळाली. व्यायामशाळांची दारे मात्र २५ ऑक्टोबर रोजी, दसऱ्याच्या दिवशी उघडली. पुढे एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा बंद झाली.

याच काळात ब्रिटनने दिवसातून एकदा व्यायामासाठी बाहेर पडण्याची मुभा ठेवली होती. फ्रान्सने घरापासून एक किलोमीटरच्या आत एक तास फिरण्यास परवानगी दिली होती. आपल्याकडील पहिल्या टाळेबंदीत किराणा, दूध, औषधे यांस वाट होती, चालण्यास नव्हती. दाट वस्तीच्या आपल्या शहरांत शासनापुढील अडचणी निराळ्या होत्या हे मान्यच केले पाहिजे. शासनास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. मात्र चालणे हीदेखील शरीराची गरज आहे, ती घरातल्या घरात कशी भागवावी हे आम्ही सांगतो, असे म्हणत वैद्यवर्ग पुढे आला नाही, ही गोष्ट आम्हास बोचते.

पावलांच्या मोजणीचे आकडेही उपलब्ध आहेत. भ्रमणध्वनीतील एका पाऊलमोजणी ॲपच्या १८७ देशांतील साडेचार लाखांहून अधिक वापरकर्त्यांच्या नोंदींचे विश्लेषण २०२० मध्येच प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च रोजी महासाथ घोषित केल्यानंतर ३० दिवसांत सरासरी दैनंदिन पावले सुमारे २७ टक्क्यांनी घटली. कडक निर्बंध असलेल्या इटलीत ही घट ४८ टक्क्यांहून अधिक होती, तर निर्बंध सौम्य असलेल्या स्वीडनमध्ये ७ टक्क्यांच्या आसपास. ज्यांना आपली पावले मोजावीशी वाटत होती, त्यांचीही ही स्थिती झाली.

यावरून लोकांचा व्यायाम सुटला असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. आमच्या मते तो अपुरा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 'इंडियाब' या पाहणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. तीत महाराष्ट्राचाही समावेश होता. त्या पाहणीत निम्म्याहून अधिक प्रौढ व्यक्ती शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय आढळल्या, आणि फावल्या वेळात हौसेने व्यायाम करणारे लोक १० टक्केदेखील नव्हते. म्हणजे बहुसंख्य लोकांजवळ सुटण्याजोगा व्यायाम मुळात नव्हताच. त्यांच्याजवळ होती ती चेष्टा.

चरकाचार्यांनी व्यायामाची व्याख्या करताना चेष्टा हा व्यापक शब्द योजला आहे. शरीराची जी चेष्टा मनास इष्ट आहे, जिचा हेतू स्थैर्य व बलवृद्धी हा आहे आणि जी मात्रेत केली जाते, ती व्यायाम होय, असा त्याचा आशय. प्रत्येक व्यायाम ही चेष्टा असते, प्रत्येक चेष्टा व्यायाम नसते. टाळेबंदीने थोड्यांचा व्यायाम थांबविला, परंतु असंख्यांची चेष्टा थांबविली. चेष्टा नाहीशी झाल्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण ती व्यायाम म्हणून कोणी मोजलीच नव्हती. आम्हीही नाही.

एका रुग्णाने दिलेला धडा

आमचे चिकित्सालय डोंबिवलीस आहे. पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ प्रमेहासाठी आमच्याकडे दीर्घकाळ येतात. मधुमेहतज्ज्ञांची औषधे चालू ठेवून ते आमची चिकित्सा घेतात. मुंबईत फोर्ट भागात त्यांची नोकरी. घरापासून स्थानकापर्यंत चालत जाणे, पुलाचे जिने चढणे-उतरणे, बहुधा उभ्याने प्रवास, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कार्यालयापर्यंत पुन्हा पायी, आणि सायंकाळी हाच क्रम उलट, असा त्यांचा दिवस असे. २०१८ मधील त्यांच्या पत्रकात आम्ही 'व्यायाम : नाही' असे लिहिले आहे. त्यांनीच तसे सांगितले होते.

मार्च २०२० मध्ये लोकल गाड्या थांबल्या आणि त्यांचे काम घरून सुरू झाले. ऑगस्टमध्ये ते आले तेव्हा रक्तशर्करा पुष्कळ वाढली होती, वजन वाढले होते, निद्रा बिघडली होती. आम्ही पुन्हा विचारले, व्यायाम करता का? उत्तर आले, नाही. पूर्वी नाही व आताही नाही, म्हणजे या बाबतीत बदल नाही, अशी आमची समजूत झाली. आम्ही आहार तपासला, घरी होणारे नवनवे पदार्थ कमी करण्यास सांगितले आणि औषधांची योजना बदलली. गुण बेताचाच आला.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरावीक वेळांपुरत्या लोकल गाड्या सर्वसामान्यांस खुल्या झाल्या. हे गृहस्थ पहाटेची गाडी धरून कामावर जाऊ लागले. मार्चअखेर शर्करा उतरली. आमच्या नव्या कल्पाचा हा गुण, असे मानून आम्ही मनोमन संतोष पावलो, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. एप्रिलमध्ये निर्बंध परतले, गाडी पुन्हा बंद झाली. औषध तेच, पथ्य तेच, आणि शर्करा पुन्हा चढली. तेव्हा कोठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. उपशय-अनुपशयाचा एवढा ठळक पाठ समोर असताना आम्ही आठ महिने औषधाच्या मात्रेत गुंतून पडलो होतो.

एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, याची आम्हास जाणीव आहे. परंतु येथे नवा सिद्धांत मांडावयाचा नव्हताच. प्रमेहाच्या निदानात चरकाचार्यांनी बसण्याचे सुख व झोपेचे सुख यांस प्रारंभीच स्थान दिले आहे. सुश्रुताचार्यांनी निर्धन प्रमेहीस अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षेवर निर्वाह करीत शंभर योजने चालावयास सांगितले आहे. आपण हे पाठ केले, परीक्षेत लिहिले, आणि आस्यासुख सक्तीने घरोघरी आले त्या वर्षी रुग्णास त्याविषयी एक प्रश्न विचारावयास विसरलो.

श्रम वाढले, व्यायाम नव्हे

स्त्रीरुग्णांच्या बाबतीत आमची चूक उलट दिशेने झाली. त्या काळात धुणे-भांडी, केर-लादी करणाऱ्या मदतनीस महिलांस सोसायट्यांत प्रवेश नव्हता. घरातील सर्व माणसे चोवीस तास घरी. गृहिणीच्या, आणि घरून नोकरी करणाऱ्या स्त्रीच्याही, अंगावर कामाचा डोंगर आला. 'एवढे काम करतेय, वेगळा व्यायाम कशाला?' हे वाक्य आम्ही असंख्य वेळा ऐकले आणि मान डोलावली. कटिशूल, पार्ष्णिशूल, मानेचा जखडलेपणा घेऊन त्याच भगिनी पुढे येत राहिल्या.

येथेही व्याख्येतील 'इष्ट' हे पद आपण विसरलो. अंगावर पडलेले, विश्रांतीचा अवसर नसलेले, एकाच स्थितीत वाकून वा उभे राहून केलेले काम हे श्रम होत. त्यांत मात्रा ठरविण्याचा अधिकार करणारीच्या हाती नसतो. अशा स्त्रीस आणखी सूर्यनमस्कार सांगणे हा उपाय नव्हता. घरातील इतरांनी कामाचा वाटा उचलावा, तिने दिवसाकाठी थोडा वेळ अभ्यंग व सुखावह आसने यांस द्यावा, असे कुटुंबासमोर सांगणे हा उपाय होता. वैद्याचा शब्द घरात मानला जातो. आम्ही तो पुरेसा वापरला नाही.

दुसरे टोक

टाळेबंदीने लोकांस व्यायामाची गोडीही लावली, असा प्रतिवाद होईल, आणि त्यात तथ्य आहे. गच्चीवर फेऱ्या मारणारे, सकाळी दूरदृश्य पद्धतीने योगवर्गास बसणारे नवे साधक आम्हीही पाहिले. सायकल उत्पादकांच्या अखिल भारतीय संघटनेच्या आकड्यांनुसार एप्रिल २०२० मध्ये देशात एकही सायकल विकली गेली नव्हती. पुढील मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत मात्र सुमारे ४२ लाख सायकली विकल्या गेल्या.

परंतु या उत्साहास मात्रा नव्हती. पहिली टाळेबंदी वसंतात सुरू झाली आणि ग्रीष्मात चालली. शीतकाळी व वसंतात अर्धशक्ती व्यायाम आणि अन्य ऋतूंत त्याहून कमी, ग्रीष्मात तर तो टाळावाच, असा वाग्भटाचार्यांचा अभिप्राय आहे. लोक मात्र भर एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या गच्चीवर, चित्रफितीतील तरुण शिक्षकाच्या वेगाने उड्या मारीत होते. वर्षानुवर्षे न वाकलेली माणसे पहिल्याच आठवड्यात १०८ सूर्यनमस्कारांचा संकल्प सोडत होती. दसऱ्यानंतर व्यायामशाळा उघडल्या तेव्हा काही तरुणांनी सात महिन्यांपूर्वी सोडलेले वजन पहिल्याच दिवशी उचलले. त्यांपैकी कित्येकांचे खांदे व कमरा आमच्या हाताखालून गेल्या.

ज्वरमुक्त रुग्णांची गोष्ट याहून गंभीर होती. ज्वर गेला तरी बल परत येईपर्यंत व्यायाम, व्यवाय, स्नान एवढेच नव्हे तर चंक्रमणही टाळावे, असे चरकाचार्यांनी ज्वरचिकित्सेत सांगितले आहे. कोविडमधून उठलेले रुग्ण मात्र चाचणी नकारात्मक आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून 'फुफ्फुसे मोकळी करण्यासाठी' धावू लागले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १८ ते ४५ या वयोगटातील आकस्मिक मृत्यूंचा देशव्यापी अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. कोविडमुळे पूर्वी रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, कुटुंबातील आकस्मिक मृत्यूचा इतिहास, मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांतील अतिमद्यपान यांच्या जोडीने त्याच ४८ तासांतील तीव्र शारीरिक श्रम यांचाही अशा मृत्यूंशी संबंध त्यात आढळला. लसीकरणाने हा धोका वाढला नाही, उलट तो कमी आढळला, हेही रुग्णांस स्पष्ट सांगितले पाहिजे. व्यायामाने मृत्यू येतो असा याचा अर्थ नव्हे. बल न पाहता केलेला अतिव्यायाम घातक ठरू शकतो, हे आपल्या शास्त्राने वारंवार बजावले आहे, आणि ते सांगण्याचे दायित्व आपलेच होते.

पादांशिक क्रम

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 'नवेगान्धारणीय' हा सातवा अध्याय आपण वेगधारणासाठी लक्षात ठेवतो. त्याच अध्यायात व्यायामाचे वर्णन आहे, आणि त्याला लागूनच पादांशिक क्रम सांगितला आहे. अहितकर सवय चतुर्थांशाने सोडावी, हितकर सवय चतुर्थांशाने धरावी, आणि प्रत्येक पायरीवर स्थिरावण्यास क्रमाने वाढता अवधी द्यावा, असा तो नियम. दिवसांच्या गणनेविषयी टीकाकारांत मतभेद आहेत, तत्त्वाविषयी नाहीत. क्रमाने कमी केलेले दोष पुन्हा उद्भवत नाहीत आणि क्रमाने मिळविलेले गुण टिकतात, असे त्याचे फळही तेथेच दिले आहे.

टाळेबंदीचा सर्व इतिहास या एका नियमाच्या प्रकाशात वाचता येतो, असे आम्हास वाटते. वर्षानुवर्षांची चेष्टा एका रात्रीत सुटली. ही गोष्ट कोणाच्याच हातात नव्हती. परंतु पुढे जो व्यायाम धरला गेला तोही एका दिवसात धरला गेला, आणि म्हणून एका दिवसात सुटला. २०२० च्या पावसाळ्यात हौसेने घेतलेल्या सायकली आज आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर चाकांतील हवा गेलेल्या अवस्थेत उभ्या आहेत. लोकांत चिकाटी नाही असे म्हणून आपण मोकळे होतो. खरे पाहता त्यांना क्रम सांगणारा कोणी भेटला नाही.

परिणाम आजही दिसतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. हे प्रमाण २००० सालापासूनच चढत आले आहे. तेव्हा सर्व दोष टाळेबंदीच्या माथी मारता येणार नाही. चढत्या रोगास मिळालेले ते एक प्रबळ निमित्त होते, एवढेच म्हणणे न्याय्य ठरेल.

जे विकता येत नाही

आता एक अप्रिय गोष्ट. ३१ मार्च २०२० रोजी आयुष मंत्रालयाने स्वास्थ्यरक्षणाच्या सूचनांची यादी प्रसृत केली. तीत कोमट पाणी, च्यवनप्राश, तुळस-दालचिनी-मिरे-सुंठ-मनुकांचा काढा, हळद घातलेले दूध, नस्य यांचा समावेश होता. त्याच यादीत आरंभीच रोज किमान ३० मिनिटे योगासने, प्राणायाम व ध्यान करावे असेही म्हटले होते. काढ्याची पुडी घरोघरी पोहोचली. गुळवेल, अश्वगंधा आणि च्यवनप्राश यांचा दुकानांत तुटवडा झाला. ३० मिनिटांची ती ओळ मात्र वाचली गेली आणि विसरली गेली.

कारण उघड आहे. काढ्यास किंमत होती, त्या ओळीस नव्हती. आमच्याही दारात काढ्याच्या पुड्यांसाठी रांग होती, आणि त्या उत्पन्नावर आमचे सहायक व औषधनिर्मितीतील कामगार यांचे पगार निघाले, हे आम्ही नाकारत नाही. औषधविक्री हा दोष नव्हे. जे विकता येत नाही ते लिहिण्याचीच सवय सुटणे, हा दोष आहे. आजही मेदोहर गुग्गुळाची डबी देताना 'सोबत किती चालता?' असा प्रश्न किती चिकित्सालयांत, किती दुकानांत विचारला जातो? व्यायामाने मेद क्षीण होतो, अग्नी प्रदीप्त होतो, शरीर कर्मसमर्थ होते, असे ज्या शास्त्रात लिहिले आहे त्याच शास्त्राच्या नावाने आपण गुग्गुळ एकटाच पाठवितो, आणि गुण न आल्यास रुग्ण गुग्गुळास व शास्त्रास बोल लावतो. या व्यवहारात विक्रेत्याचेही अंती नुकसानच आहे.

आमचा प्रस्ताव

उपाय खर्चिक नाहीत. पहिला, रुग्णपत्रकातील विहाराचा रकाना मोठा करावा. 'व्यायाम करता का?' या एका प्रश्नाऐवजी चार प्रश्न विचारावेत : दिवसात किती चालता, किती वेळ सलग बसता, अंगमेहनतीचे काम कोणते, आणि गेल्या सहा महिन्यांत यांपैकी काय बदलले. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. नोकरी बदलणे, निवृत्ती, घर बदलणे, घरून काम, घरातील आजारपण या सर्व छोट्या टाळेबंदीच होत. त्या रोज कोणाच्या ना कोणाच्या घरी येतात.

दुसरा, व्यायाम औषधाप्रमाणे मात्रेसह लिहावा. 'व्यायाम करा' हा उपदेश झाला. 'सकाळी १० मिनिटे सपाट रस्त्याने चालणे, चार दिवसांनी १५ मिनिटे, पुढील भेटीपर्यंत याहून अधिक नाही' ही चिकित्सा झाली. अर्धशक्तीची लक्षणे रुग्णास स्वतः ओळखता येतात. कपाळावर, नाकावर व काखेत घाम येऊ लागणे, तोंडास कोरड पडणे, तोंडाने श्वास घ्यावासा वाटणे, येथे थांबावे. यास घड्याळ वा यंत्र लागत नाही. छातीत दुखणे, चक्कर, श्रमाच्या मानाने अधिक श्वास लागणे, धडधड ही मात्र अर्धशक्तीची लक्षणे नव्हेत. असा रुग्ण हृद्रोगतज्ज्ञांकडे विनाविलंब पाठवावा. प्रमेही रुग्णाचा व्यायाम वाढविताना त्याची चालू असलेली औषधे देणाऱ्या डॉक्टरांस कळविणेही अगत्याचे, कारण शर्करा एकाएकी उतरू शकते.

तिसरा प्रस्ताव औषधी विक्रेत्यांसाठी. मेदोहर कल्प, संधिवाताची तेले व बल्य चूर्णे यांसोबत अर्धशक्तीची लक्षणे आणि पादांशिक क्रम सांगणारे एक पानी मराठी पत्रक ग्राहकाच्या हाती द्यावे. संघटनेने त्याचा मसुदा तयार करून सभासदांस पुरवावा, अशी आमची विनंती आहे. पहिल्या मसुद्याचे काम अंगावर घेण्यास आम्ही तयार आहोत.

ते डोंबिवलीकर गृहस्थ आता निवृत्त झाले आहेत. निवृत्तीच्या महिन्यात ते आले तेव्हा आम्ही प्रथम नाडी पाहिली नाही. उद्यापासून स्थानकावर जाणे नाही, मग त्या चालण्याचे काय करणार, असे विचारले. ते हसले आणि म्हणाले, "वैद्यराज, याचा विचारच केला नव्हता." त्या दिवशी औषधाआधी चालण्याचा क्रम लिहून झाला. पत्रकातील विहाराचा रकाना प्रथमच अपुरा पडला आणि मजकूर समासात न्यावा लागला. आपणा सर्वांच्या पत्रकांत तो तसाच अपुरा पडावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून लेख पूर्ण करतो.